मदत हवी आहे: रिॲक्टर ऑपरेटर परवाना परीक्षा, रिॲक्टर सिद्धांतातली गणितं तालिकेशी जुळत नाहीत

कंट्रोलरूम_शिकाऊ

नमस्कार. पीडब्ल्यूआर, म्हणजे दाबाखालच्या पाण्याच्या रिॲक्टरच्या ऑपरेटर परवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी चालू आहे. पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर, ब्रेकर हा भाग ठीक जातो. रिॲक्टर सिद्धांतात मात्र खालच्या तीन प्रश्नांची उत्तरं उत्तरतालिकेशी जुळत नाहीत. नुसतं उत्तर नको, कारण हवं आहे.

१) रिॲक्टर सबक्रिटिकल (साखळी स्वतःच्या बळावर टिकत नाही), के (एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात तो आकडा) ०.९५, सोर्स रेंजवर (सर्वांत खालच्या पातळीच्या न्यूट्रॉन मीटरवर) स्थिर ५० काउंट प्रतिसेकंद. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे बाहेर ओढल्यावर काउंट १०० वर स्थिरावले. आता तेवढीच रिॲक्टिव्हिटी (के १ पासून किती दूर आहे याचं माप) पुन्हा घातली तर रिॲक्टर कसा असेल? माझं उत्तर 'बरोबर क्रिटिकल' (के १). तालिका म्हणते 'सुपरक्रिटिकल' (के १ च्या वर).

२) ट्रिपनंतर (दांडे आत पडून रिॲक्टर बंद झाल्यावर) पॉवर स्थिर पीरियडने (पॉवर सुमारे २.७ पटीने बदलायला लागणारा वेळ) उतरते आहे. ५ टक्क्यांपासून ०.०००५ टक्क्यांपर्यंत यायला किती वेळ? एकदा दांड्यांची किंमत ६००० पीसीएम (रिॲक्टिव्हिटीचं एकक, एकाचा लाखावा भाग) दिली आहे, एकदा ९०००. तालिकेत दोन्हींचं उत्तर एकच, १२ मिनिटं. जास्त दांडे म्हणजे जास्त वेगाने उतार, असं का नाही?

३) १०० टक्क्यांवरून ट्रिप. तेव्हा दांडे पूर्ण बाहेर, पाण्यातलं न्यूट्रॉन शोषणारं बोरॉन ९०० पीपीएम. पंधरा तासांनी पुन्हा क्रिटिकल करायचं आहे, दांडे ५०० पीसीएम आत असताना. पॉवर डिफेक्ट (पॉवर बदलल्यामुळे होणारा रिॲक्टिव्हिटीतला बदल) १९०० पीसीएम, विखंडनातून होणारं आणि न्यूट्रॉन गिळणारं झेनॉन ट्रिपच्या वेळी २७५० आणि पंधरा तासांनी ३७००, समेरियम ५० ने वाढलेलं, बोरॉनची किंमत दर पीपीएमला ९ पीसीएम. माझ्या हिशेबाने बोरॉन ५२२ पीपीएम येतं, तालिकेत ९४४.

---

मंद_न्यूट्रॉन

पहिल्या प्रश्नात शब्द नीट वाचा: 'तेवढीच रिॲक्टिव्हिटी'. 'के तेवढाच वाढवला' असं लिहिलेलं नाही.

काउंट आणि (१ − के) यांचा गुणाकार स्थिर राहतो. काउंट दुप्पट झाले, म्हणून (१ − के) निम्मा हवा: ५० × ०.०५ = १०० × ०.०२५. म्हणून नवा के ०.९७५. इथपर्यंत तुमचं बरोबर असणार. पुढे तुम्ही के मध्ये आणखी ०.०२५ मिळवून १.००० काढलं. पण रिॲक्टिव्हिटी म्हणजे (के − १) भागिले के. तसं मोजा:

के ०.९५ ला: −०.०५ ÷ ०.९५ = −५२६३ पीसीएम
के ०.९७५ ला: −०.०२५ ÷ ०.९७५ = −२५६४ पीसीएम
घातलेली रिॲक्टिव्हिटी: २६९९ पीसीएम

आणखी २६९९ घातली तर −२५६४ + २६९९ = +१३५ पीसीएम. रिॲक्टर सुपरक्रिटिकल. 'काउंट दुप्पट झाले की क्रिटिकलचं अंतर निम्मं राहतं' हा नियम के च्या अंतराचा आहे. रिॲक्टिव्हिटीत मोजलं की तो थोडा कमी सुरक्षित बाजूला चुकतो, आणि रिॲक्टर जितका खोल सबक्रिटिकल तितका जास्त. प्रश्न याच फरकावर बेतलेला आहे.

१३५ पीसीएम ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून पीरियड काढून बघा. इंधन सायकलच्या सुरुवातीला प्रभावी बीटा (उशिरा सुटणाऱ्या, म्हणजे विलंबित न्यूट्रॉनचा वाटा) ०.००६५ आणि लॅम्डा (त्यांच्या जनकांच्या क्षयाचा दर) ०.१ प्रतिसेकंद धरा. पीरियड = (०.००६५ − ०.००१३५) ÷ (०.१ × ०.००१३५) = सुमारे ३८ सेकंद. स्टार्टअप रेट २६.०६ ÷ ३८ = ०.६८ डीपीएम (दर मिनिटाला दहापटीचे टप्पे). सायकलच्या शेवटी प्लुटोनियम वाढल्यामुळे बीटा ०.००५ च्या आसपास उतरतो. तेव्हा त्याच १३५ पीसीएमला पीरियड २७ सेकंद, रेट जवळपास १ डीपीएम. आकडे तेच, पण ऑपरेटरच्या हातात वेळ कमी. हा जोडप्रश्न परीक्षेत आला तर आश्चर्य वाटायला नको.

---

वन_बाय_एम

वरच्या उत्तराला एक जोड. 'स्थिर काउंट' हा शब्द सोडून देऊ नका. के ०.९५ ला गुणन २० पट, ०.९९ ला १०० पट. गुणन जितकं मोठं तितक्या जास्त पिढ्या मोजून काउंट स्थिरावतात, म्हणजे क्रिटिकलच्या जवळ जाल तशी वाट जास्त पाहावी लागते. काउंट चढत असतानाच आलेखावर बिंदू मांडला तर एम (गुणन) कमी दिसतो, १/एम जास्त दिसतो आणि रेषा वाढवल्यावर क्रिटिकल स्थिती प्रत्यक्षापेक्षा पुढे आहे असं वाटतं. चूक धोक्याच्या बाजूला जाते.

डिटेक्टरच्या जागेवरही प्रश्न येतात. डिटेक्टर सोर्सला फार जवळ असेल तर तो मुख्यतः सोर्सचेच न्यूट्रॉन मोजतो. गाभ्यातलं गुणन वाढलं तरी काउंट बराच वेळ हलत नाहीत, १/एमची रेषा वरच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. मधल्या बिंदूंवरून काढलेला अंदाज इथेही उशिराचा येतो. उलट डिटेक्टर सोर्सपासून दूर आणि नव्याने भरल्या जाणाऱ्या इंधनाजवळ असेल तर रेषा सुरुवातीलाच झपकन उतरते, अंदाज लवकरचा येतो, आणि तो सुरक्षित बाजूचा. पर्यायांत आकृत्या दिल्या असतील तर आधी इतकंच ठरवा: रेषा वर फुगलेली आहे की खाली झुकलेली? वर फुगलेली दिसली की 'अंदाज असुरक्षित' हा पर्याय शोधा.

---

मंद_न्यूट्रॉन

आता दुसरा. ट्रिप झाल्यावर दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि दांड्यांची किंमत त्यातल्या पहिलीत दिसते. ती म्हणजे प्रॉम्प्ट ड्रॉप. बीटा भागिले (बीटा − रो) या सूत्राने (रो म्हणजे रिॲक्टिव्हिटी, इथे उणे) ६००० पीसीएमला पॉवर लगेच साधारण ९.८ टक्क्यांवर येते, ९००० ला ६.७ टक्क्यांवर. फरक इथेच संपतो.

त्यापुढे साखळी स्वतःच्या बळावर चालत नाही. आधी साठलेल्या विलंबित न्यूट्रॉनच्या जनकांचा क्षय होईल तेवढेच नवे न्यूट्रॉन मिळतात. कमी आयुष्याचे गट पहिल्या एक-दोन मिनिटांत संपतात आणि सर्वांत दीर्घायुषी गट उरतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ५५ सेकंद, सरासरी आयुष्य सुमारे ८० सेकंद. म्हणून पीरियड −८० सेकंद, रेट साधारण उणे एक तृतीयांश डीपीएम. दांडे कितीही घाला, केंद्रकांच्या क्षयाची गती त्यांना बदलता येत नाही. ५ ते ०.०००५ म्हणजे दहापटीचे चार टप्पे. ४ ÷ ०.३३ = १२ मिनिटं.

शटडाउनची खोली पुन्हा दिसते ती अगदी तळाशी, जिथे उतार थांबून सोर्सचं गुणन उरतं. ६००० पीसीएमला के ०.९४३, गुणन साधारण १७.७. ९००० ला के ०.९१७, गुणन १२.१. म्हणजे दुसऱ्या बाबतीत अंतिम काउंट पहिल्याच्या सुमारे ६८ टक्के. प्रश्नात 'अंतिम स्थिर काउंट' विचारलं असेल तर उत्तर वेगवेगळं येईल, 'उताराचा दर' विचारला असेल तर एकच.

हे सगळं न्यूट्रॉन पॉवरचं झालं. उष्णतेची पॉवर अशी उतरत नाही. विखंडनातून झालेल्या द्रव्यांच्या क्षयाची उष्णता ट्रिपनंतर लगेच ६ ते ७ टक्के असते, तासाभराने सव्वा ते दीड टक्का, दिवसाने साधारण अर्धा टक्का. १२ मिनिटांनी न्यूट्रॉन मीटर तळाला गेलेलं असतं, तरी गाभा थंड ठेवण्याचं काम तसंच चालू ठेवावं लागतं.

---

आयोडीन_१३५

तिसऱ्यात चिन्हाचा घोळ आहे, आणि या प्रकारच्या गणितात सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. तुम्ही चारही आकडे उणे धरले: −१९०० − ९५० − ५० − ५०० = −३४००, भागिले ९ म्हणजे ३७८ पीपीएम कमी. म्हणून ५२२.

पॉवर डिफेक्ट पॉवर चढताना उणे असतो: इंधन तापतं, डॉपलरमुळे शोषण वाढतं, पाणीही सरासरीने तापतं. ट्रिप होऊन पॉवर शून्यावर आली की तीच रिॲक्टिव्हिटी परत मिळते. म्हणून +१९००. हिशेब असा:

पॉवर डिफेक्ट +१९००
झेनॉन −९५० (३७०० मधून २७५० वजा, फक्त बदल घ्यायचा, पूर्ण ३७०० नाही)
समेरियम −५०
दांडे −५००
बेरीज +४००

ही +४०० बोरॉनने खायची. ४०० ÷ ९ = ४४ पीपीएम वाढवायचं. ९००+४४ = ९४४.

प्रत्येक ओळीआधी स्वतःला एकच विचारायचं: 'संदर्भस्थितीपासून आतापर्यंत ही गोष्ट रिॲक्टरला चालना देते की रोखते?' तक्त्यातल्या छापील चिन्हावर जाऊ नका. तक्ता पूर्ण किंमत देतो, आपल्याला बदल हवा असतो.

आता यातला धोका. समजा ९४४ वर बोरॉन लावलं आणि काही कारणाने स्टार्टअप पंधराव्या तासाऐवजी पंचविसाव्या तासाला गेला. तोवर झेनॉन शिखर ओलांडून पुन्हा २७५० च्या आसपास आलेलं असतं. −९५० ची ओळच नाहीशी होते, समेरियममधला किरकोळ बदल सोडून द्या. रिॲक्टर आता दांडे ५०० नाही तर १४५० पीसीएम आत असतानाच क्रिटिकल होईल. ती स्थिती दांड्यांच्या इन्सर्शन लिमिटच्या (दांडे किती आत असलेले चालतात त्या मर्यादेच्या) खालीही जाऊ शकते. म्हणून अंदाजित क्रिटिकल स्थितीचा हिशेब ठरावीक वेळेपुरताच वैध असतो. वेळ सरकली की हिशेब नव्याने. ठरवलेल्या पट्ट्याबाहेर क्रिटिकल होण्याची चिन्हं दिसली तर दांडे आत, आणि मग आकडेमोड.

झेनॉन असं का वागतं, तेही एकदा पक्कं करा. गाभ्यातलं सुमारे ९५ टक्के झेनॉन-१३५ आयोडीन-१३५ च्या क्षयातून येतं, थेट विखंडनातून थोडंच. आयोडीनचा अर्धायुकाल ६.६ तास, झेनॉनचा ९.१ तास. पूर्ण पॉवरला झेनॉनचा मोठा भाग न्यूट्रॉन गिळून नष्ट होतो, कारण त्याचा शोषण छेद (न्यूट्रॉन गिळण्याच्या शक्यतेचं माप) सुमारे २६ लाख बार्न इतका अफाट आहे. ट्रिप झाली की ही जळण थांबते, पण आयोडीन पुरवठा करतच राहतं. त्यामुळे झेनॉन चढतं, ८ ते १० तासांनी शिखर गाठतं, साधारण एका दिवसाने मूळ पातळीला येतं आणि तीनेक दिवसांत जवळपास संपतं.

१०० वरून ५० टक्क्यांवर आलात तरी आकार तोच, शिखर बुटकं आणि थोडं लवकर, सातेक तासांनी. नंतर जो समतोल येतो तो मूळच्या निम्मा नसतो, ७० टक्क्यांच्या आसपास असतो. 'पॉवर निम्मी, झेनॉन निम्मं' हा पर्याय प्रश्नपत्रिकेत हमखास ठेवलेला असतो. तो निवडू नका.

---

कंट्रोलरूम_शिकाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनही प्रश्न सुटले. थर्मोडायनॅमिक्समधला एक राहिला आहे. प्रेशरायझर (रिॲक्टरच्या पाण्याचा दाब राखणारं पात्र) १५.५ एमपीएला, त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह गळतोय, वाफ ०.१५ एमपीएच्या टाकीत जाते. व्हॉल्व्हमागच्या पाइपवर तापमान किती दिसेल? १५.५ एमपीएचं संपृक्त तापमान ३४५ अंश, म्हणून मी ३४५ धरलं. तालिकेत १११.

---

वाफतक्ता

व्हॉल्व्हमधून जाताना एन्थाल्पी (दर किलोमागची एकूण उष्णता-ऊर्जा) तीच राहते, तापमान नाही. १५.५ एमपीएच्या कोरड्या संपृक्त वाफेची एन्थाल्पी सुमारे २५९६ किलोज्यूल प्रतिकिलो. ०.१५ एमपीएला संपृक्त पाण्याची ४६७ आणि कोरड्या वाफेची २६९३. आपला आकडा या दोघांच्या मध्ये पडतो, म्हणजे बाहेर येते ती ओली वाफ: (२५९६ − ४६७) ÷ २२२६ = सुमारे ९६ टक्के कोरडी. मिश्रण ओलं असेल तर तापमान त्या दाबाच्या संपृक्त तापमानालाच अडकतं, म्हणून १११ अंश. टाकीतला दाब चढला तर हे तापमानही चढेल. प्रश्नाचा दुसरा भाग बहुधा तोच असतो.

पण सरसकट 'टाकीचं संपृक्त तापमान' असं पाठ करू नका. मूळ दाब ३ एमपीए असेल तर वाफेची एन्थाल्पी २८०० च्या वर असते, २६९३ पेक्षा जास्त. तेव्हा बाहेर तप्त, म्हणजे सुपरहीटेड वाफ मिळते आणि तापमान १११ च्या बरंच वर जातं. दर वेळी आधी दोन एन्थाल्पींची तुलना, मग तापमान.

हा प्रश्न महत्त्वाचा मानतात त्याला कारण आहे. २८ मार्च १९७९ ला थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये हाच व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता, फक्त आज्ञा गेली की नाही एवढं दाखवत होता. पाइपचं तापमान चढलेलं दिसत होतं, पण ते आधीपासूनच्या गळतीच्या खाती टाकलं गेलं. प्रेशरायझरची पातळी वर गेलेली पाहून पाणी भरणं कमी केलं गेलं आणि गाभा उघडा पडला. म्हणून पातळी एकटी कधी वाचू नका. सोबत सबकूलिंग (पाणी उकळबिंदूच्या किती खाली आहे ते) काढा: १५.५ एमपीएला हॉट लेग (गाभ्यातून गरम पाणी बाहेर नेणारा पाइप) ३२५ अंशांवर असेल तर ३४५ − ३२५ = २० अंश. दाब उतरत गेला आणि हॉट लेग तेवढाच राहिला तर हा आकडा शून्याकडे जातो, पातळी काहीही दाखवो.

---

पॅनेल_तपासनीस

लेखीबद्दल वर पुरेसं आलंय. सिम्युलेटर आणि प्रत्यक्ष कामाच्या चाचणीचं थोडं.

ट्रिपनंतरची तातडीची कामं कार्यपद्धती न उघडता तोंडपाठ लागतात. वेस्टिंगहाउस पद्धतीच्या प्लान्टमध्ये क्रम असा: रिॲक्टर ट्रिप झाला का (दांडे तळाला, ट्रिप ब्रेकर उघडे, न्यूट्रॉन फ्लक्स उतरतोय), टर्बाइन ट्रिप झालं का, आपत्कालीन एसी बसला (वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिनीला) वीज आहे का, सेफ्टी इंजेक्शन (गाभ्यात आपत्कालीन पाणी भरणं) चालू झालंय किंवा हवंय का. एका दिव्यावर समाधान मानू नका, दोन स्वतंत्र खुणा मोठ्याने सांगा.

कामाच्या चाचणीत काही पायऱ्या 'क्रिटिकल' ठरवलेल्या असतात. बाकी सगळं नेटकं झालं आणि त्यातली एक चुकली तर ते काम नापास. म्हणून सराव करताना प्रत्येक पायरीवर विचारा: ही सोडली तर कामाचा हेतू साध्य होईल का? नाही असं उत्तर आलं की तिथे हात थांबवा, लेबल वाचा, उपकरणाचा क्रमांक बोला, मग स्विच फिरवा, आणि फिरवल्यावर मीटरने काय केलं तेही सांगा. तिहेरी संवाद, म्हणजे सूचना, तिची परतउक्ती आणि 'बरोबर' ही पावती, यातली शेवटची पायरी सर्वांत जास्त वेळा गळते. पावती मिळेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही.