घोडा, वाघ, मुंगूस आपल्याकडेही वाटून दिलेले आहेत

'तुमच्यातला प्राणी ओळखा' छापाच्या ऑनलाइन चाचण्या म्हणजे परदेशी फॅड, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. पत्रिका जुळवताना 'योनी' बघतात ती दुसरं काय आहे? ३६ पैकी ४ गुण तिचेच. जन्मनक्षत्रावरून १४ प्राण्यांपैकी एक मिळतो: अश्विनी-शततारका घोडा, चित्रा-विशाखा वाघ, स्वाती-हस्त रेडा. अभिजित हे जादा नक्षत्र धरून नक्षत्रं २८, म्हणजे प्रत्येक प्राण्याला दोन. २७च धरली की मुंगसाकडे एकटी उत्तराषाढा उरते. गाय-वाघ, साप-मुंगूस वैरी, तिथे गुण शून्य. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण इथे हवा तो प्राणी ओढून आणता येत नाही.

ऑनलाइन चाचणीत हवा तो प्राणी येतो, कारण 'संकटात पुढे होता की मागे सरता?' याला 'मागे' कोण म्हणणार? म्हणून मग घरोघरी 'जन्मजात नेते' असलेले बिबटे. (बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला खरा बिबट्या एकटा राहतो, रात्री फिरतो, बराचसा भटक्या कुत्र्यांवर जगतो आणि सहसा माणसाला टाळतो. 'जन्मजात नेता' त्यात कुठून आला?) चाचणी द्यायचीच तर 'मी कसा आहे' असा विचार करू नका, गेल्या आठवड्यात लोकलमध्ये, ऑफिसात प्रत्यक्ष काय केलंत ते आठवून टिक करा. निकाल बराच बदलू शकतो.