लाल विंचू नेमका कसा ओळखावा आणि जुन्या जांभ्याच्या घरात त्याला येण्यापासून कसे रोखावे?

प्रश्न : जांभ्याचे घर (महाड तालुका)

नमस्कार. महाड तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि कौलारू आहे. मागील बाजूच्या भिंतींवरचा गिलावा बऱ्याच ठिकाणी सुटला आहे. सासूबाई तेथे बारमाही राहतात आणि या उन्हाळ्यात मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन तेथे कायमची राहायला जाणार आहे. अलीकडेच न्हाणीतील दगडाखाली एक मोठा, हिरवट झाक असलेला काळा विंचू निघाला आणि त्यानंतर पडवीत रचलेल्या शेणींमध्ये एक लहानसा तांबूस विंचू दिसला. शेजारच्यांच्या मते मोठा काळा तोच जहाल असतो आणि लहान तांबूस विंचवाचे भय बाळगण्याचे कारण नसते. सासूबाई मात्र याच्या अगदी उलट सांगतात. यांपैकी खरे काय, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. घर पाडून नवे बांधणे शक्य नाही, तेव्हा आहे त्याच घरात काय करता येईल आणि मुलीला दंश झालाच तर पहिल्या तासाभरात काय करावे, हेही मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : प्राणिशास्त्र शिक्षिका

आपल्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते शेजाऱ्यांनाही आवर्जून सांगावे, कारण आकारावरून विषाचा अंदाज बांधण्याची सवय कोकणात फार जणांना आहे आणि ती घातक आहे.

विंचू दिसला की प्रथम त्याचे पुढचे दोन चिमटे आणि मागची नांगी यांची जाडी पडताळून पाहावी. चिमटे खेकड्यासारखे रुंद व जाड आणि नांगी त्या मानाने किडकिडीत असेल, तर तो बहुधा मोठा काळा विंचू असतो. तो भक्ष्य चिमट्यांनीच चिरडू शकतो, त्यामुळे त्याची मदार विषावर कमी असते. त्याचा दंश दुखतो, सूज येते, परंतु धडधाकट माणसाच्या जिवावर तो सहसा बेतत नाही. याउलट चिमटे बारीक व लांबट आणि नांगी जाड, भरीव असेल, तर सावध व्हावे. आपल्याकडचा लाल विंचू, म्हणजे शास्त्रीय नावाने हॉटेन्टोटा टॅम्युलस, याच बांध्याचा आहे. जुन्या पुस्तकांत तो ब्यूथस किंवा मेसोब्यूथस या नावांनी आढळतो.

पूर्ण वाढलेला लाल विंचू साधारण ५ ते ९ सेंटिमीटर लांब असतो. त्याचा रंग नारिंगी तांबड्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो, पाय अंगापेक्षा फिकट असतात आणि पाठीवर खरखरीत दाण्यांच्या गडद करड्या रेषा दिसतात. नुकतीच कात टाकलेला कोणताही विंचू फिकट दिसतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. आपल्या पडवीत दिसलेला विंचू लहान होता, एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही, कारण पिल्लांच्या नांगीतही विष असते. शिवाय विंचवीण पिल्लांना जन्मानंतर काही दिवस पाठीवर वागवते आणि मग ती पांगतात. त्यामुळे एक पिल्लू दिसले, तर त्या जागी आणखी असण्याची शक्यता गृहीत धरावी.

उत्तर २ : गवंडीकाम, माणगाव

जुन्या जांभ्याच्या घरांची दुरुस्ती हेच आमचे काम असल्यामुळे घरापुरते सांगतो. जांभ्याचा चिरा मुळातच सच्छिद्र आणि खरखरीत असतो, त्यामुळे विंचवाला त्यावर चढायलाही सोपे जाते आणि दिवसभर दडून बसायलाही. त्याचे शरीर चपटे असल्यामुळे तो अगदी अरुंद फटीतूनही आत येतो. म्हणून घराबाहेर औषध मारण्याआधी दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, भरून घ्याव्यात. सुटलेली माती नुसती वरून लिंपू नये. दरज आतपर्यंत खरवडून, झाडून, पाणी मारून मग चुन्याचा किंवा सिमेंट-वाळूचा माल दाबून भरावा. आतल्या बाजूने जमिनीपासून तीन-चार फूट उंचीपर्यंत गुळगुळीत गिलावा केला किंवा चकचकीत फरशी बसवली, तर फारच उत्तम, कारण काच, चिनी माती किंवा झिलईदार फरशी अशा गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर विंचवाचे पाय ठरत नाहीत.

दारांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जुनी दारे झिजलेली असतात आणि उंबरठ्यावर बोटभर फट राहते. त्या फटीला रबराची पट्टी ठोकावी. न्हाणीच्या आणि मोरीच्या तोंडाला बारीक छिद्रांची घट्ट बसणारी जाळी लावावी, आणि नळ किंवा वीजतारांसाठी भिंतीला पाडलेली भोके बुजवावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेणी, लाकूडफाटा, जुनी कौले आणि भाताचा पेंढा हे सारे घराच्या भिंतीपासून दूर न्यावे. आपली पडवी हीच विंचवाची वस्ती झाली असणार. लाकडे जमिनीला न टेकवता चौथऱ्यावर किंवा मांडवावर रचावीत आणि काढताना काठीने हलवून, बूट घालूनच काढावीत. घराभोवती हातभर रुंदीची जागा गवत आणि दगडगोटे काढून स्वच्छ ठेवावी.

कौलारू छपराचा बंदोबस्त मात्र पूर्णपणे होत नाही, हे मान्य करावे लागते. वाशांवरून विंचू खाली पडतो, म्हणून निदान झोपण्याच्या खोलीला आतून छत मारून घ्यावे. ते लगेच जमत नसेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात, खाट भिंतीपासून सरकवून ठेवावी आणि पांघरुणाची टोके जमिनीला टेकू देऊ नयेत. वळकटी, खुंटीवरचे कपडे आणि मुलीचे बूट झटकल्याशिवाय वापरू नयेत. पावसाच्या पहिल्या सरींनी बिळांत पाणी शिरते आणि विंचू कोरडी जागा शोधत घराकडे वळतात, म्हणून हे सर्व मृगाच्या आधी उरकावे.

उत्तर ३ : ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनलीनसारखी द्रव्ये एकाएकी मोठ्या प्रमाणात स्रवतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरू शकते. म्हणून दंशाच्या जागेपेक्षा सर्वांगाकडे लक्ष द्यावे. दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ गळणे, हातपाय थंडगार पडणे, मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणे, छातीत धडधड आणि धाप ही विष अंगात भिनल्याची लक्षणे आहेत. दंशाच्या जागी फार दुखत नसले म्हणून निश्चिंत राहू नये. वेदना बेताची पण अंगाला घाम आणि हातपाय गार, असे मूल आम्हाला अधिक काळजीत टाकते.

मुलीला दंश झाल्यास लक्षणांची वाट न पाहता निघावे. तिला चालू देऊ नये, उचलून न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. करकचून दोरी बांधणे, चीर देणे, पाला चोळणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये, कारण यात गेलेला वेळ परत मिळत नाही. विंचू शोधत बसू नये. समोरच असेल तर दुरून छायाचित्र घ्यावे.

आपण महाडच्या आहात, म्हणून हेही सांगावेसे वाटते की या दंशावरील आजच्या उपचाराची वाट आपल्याच तालुक्यातून निघाली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे नोंदवली आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या विषबाधेवर वापरले. त्यापूर्वी तीव्र विषबाधा झालेल्यांपैकी ३० ते ४० टक्के रुग्ण दगावत. या उपचाराने ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचे प्रतिविषही आता उपलब्ध आहे, आणि २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे दिसले. मात्र प्राझोसिनच्या गोळ्या घरी आणून स्वतःहून देऊ नयेत. मात्रा वजनावर ठरते आणि औषधानंतर रक्तदाब अचानक उतरू शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून, देखरेखीखालीच ते द्यावे लागते.

जांभ्याचे घर (महाड तालुका)

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. शेणी आणि लाकडे उद्याच हलवण्यास सासूबाईंना सांगितले आहे. बाजारातील कीटकनाशक फवारणीचा उपयोग होतो का, आणि रात्री विंचू दिसावा यासाठी निळसर प्रकाशाची जी विजेरी मिळते ती घ्यावी का, एवढे कृपया सांगावे.

प्राणिशास्त्र शिक्षिका

फवारणीवर विसंबू नये. दिवसा विंचू फटीत खोल असतो आणि औषध त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. त्याऐवजी झुरळे आणि रातकिडे कमी करावेत, कारण विंचू त्यांच्याच मागावर घरात येतो. पडवीतला पांढरा दिवा रात्रभर जळत ठेवला तर त्यावर किडे जमतात. पिवळा दिवा लावावा आणि काम झाल्यावर बंद करावा.

अतिनील किरणांची विजेरी मात्र अवश्य घ्यावी. विंचवाच्या कवचातील काही द्रव्यांमुळे तो त्या प्रकाशात हिरवट निळा चमकतो आणि अंधारात काही पावलांवरूनही लगेच दिसतो. केवळ नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, म्हणून विजेरीत काही दिसले नाही तरी कपडे झटकण्याची सवय सोडू नये. झोपण्यापूर्वी खोलीचे कोपरे, खाटेखालची जागा आणि न्हाणी पाहून घ्यावी. विजेरीचा झोत मुलीच्या डोळ्यांवर पडू देऊ नये. विंचू सापडल्यास हाताने किंवा आखूड कागदाने उचलू नये, लांब सांडशीने धरावा किंवा त्यावर काचेची बरणी पालथी घालून खालून जाड पुठ्ठा सरकवावा.

ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका

राहायला जाण्यापूर्वी आणखी एक काम करून ठेवावे. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रात्री डॉक्टर असतात का, प्राझोसिन आणि प्रतिविष तेथे असते का, आणि नसल्यास रुग्णाला कोठे पाठवतात हे विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर दंशानंतर तेथे न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जाण्याचा रस्ता आणि वाहन आधीच ठरवून ठेवावे, आणि ते सासूबाईंनाही ठाऊक असावे, कारण त्या वेळी मुलीजवळ घरात कदाचित त्याच असतील.