मदत हवी आहे : जिप्सम बोर्ड काँक्रीटच्या राडारोड्यापासून वेगळा कसा ठेवावा?

नमस्कार. एका जुन्या इमारतीचे अंतर्गत पाडकाम आणि नवे काँक्रीटकाम सध्या एकाच वेळी चालू असून, राडारोड्याच्या वर्गीकरणाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. लोखंडाची अडचण नाही. त्याला घेणारे असल्याने ते आपोआप वेगळे राहते. खरा प्रश्न जिप्सम बोर्डाचा, म्हणजे आडभिंती व छतांना लावतात त्या जिप्समच्या तक्त्यांचा आहे. त्याचे तुकडे काँक्रीटच्या ढिगात मिसळले, तर भरडून केलेल्या खडीत सल्फेट जाते आणि ती खडी वापरलेले नवे काँक्रीट प्रसरण पावून तडकू शकते. शिवाय हेच तुकडे कचराभूमीत ओल्या, हवा न खेळणाऱ्या थरांत गाडले गेले, तर त्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. जागा इतकी अरुंद आहे की प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र कंटेनर ठेवणे शक्य नाही. अशा वेळी भिंती तोडण्यापूर्वी सर्व बोर्ड उतरवून घेणे पुरेसे ठरते, की ते मजल्यावरच पोत्यांत भरून कोरडे ठेवणे अधिक व्यवहार्य आहे? (नुसते सूचनाफलक लावून फरक पडत नाही, हे पाहून झाले आहे.) काँक्रीटचा मिक्सर धुतलेल्या पाण्याचा सामू (pH) 12 च्या आसपास असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते; ते निवळवून पुन्हा धुण्यासाठीच वापरण्याचा कोणाला अनुभव असल्यास तोही कृपया कळवावा.