जिप्सीचे पाटे वर घेतले, आता स्टिअरिंगचा रॉड पाट्याला लागतोय – मदत हवी आहे

मंडळी, गाडी मारुती जिप्सी, १३०० सीसी. रोजच्या वापराची नाही. मुळशी, पानशेत, वेल्ह्याकडे चिखलात घालायला ठेवलेली. जिप्सीचे पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगा) मुळात ॲक्सलच्या खालून जातात. दिवाळीच्या सुट्टीत भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून चारही पाटे ॲक्सलच्या वर बसवून घेतले. गाडी साधारण ५ इंच उचलली, २३५/७५ आर १५ टायर आरामात बसले. सोसायटीत लोक वळून बघतात. आता रडगाणं ऐका.

स्टिअरिंग डावीकडे पूर्ण तोडलं आणि त्याच वेळी डावं चाक दगडावर चढून दबलं, की ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) डाव्या पाट्याला खालून टेकते. पहिल्यांदा कळलं ते वेल्ह्याजवळच्या एका ओढ्यात. स्टिअरिंग मध्येच अडलं, मला वाटलं दगड अडकला. घरी येऊन खाली सरपटलो तर रॉडचा रंग उडालेला आणि पाट्याच्या कडेवर चकचकीत खूण.

दुसरा त्रास रस्त्यावरचा. सिंहगड रोडच्या गतिरोधकांवर (ते किती आहेत हे वेगळं सांगायला नको) गाडी दर वेळी एका बाजूला उडी मारते. म्हणून टेप घेऊन बसलो. ड्रॅग लिंक ८०० मिमी. आधी तिच्या दोन टोकांच्या उंचीत जेमतेम २५ मिमी फरक होता, आता १५० आहे. चाक ८० मिमी दबलं की तो ७० वर येतो. शाळेतला पायथागोरस लावला तर रॉडचं आडवं अंतर ७८६ वरून ७९७ होतं. म्हणजे मी स्टिअरिंगला हात न लावताही चाक ११ मिमी ढकललं जातं. नकलचा (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा) आर्म १३० मिमी आहे, तेव्हा चाक जवळपास ५ अंश वळतं! पूर्वी तेवढ्याच दाबात हा फरक १-२ मिमीच्या वर जात नव्हता.

फॅब्रिकेटरचं म्हणणं, "रॉड तापवून झेड आकारात वाकवू, पाट्याला चुकवून जाईल, दहा गाड्या केल्यात." मला हे पटत नाही. सरळ रॉड ताण सरळ घेतो. वाकवलेला आधी बाकावर लवतो आणि मग चाकाला ढकलतो. शिवाय दोन्ही टोकं आहेत तिथेच राहणार, म्हणजे ते ५ अंश जसेच्या तसे. ताम्हिणीच्या उतारावर तापवलेल्या रॉडवर भरवसा ठेवायची माझी छाती नाही.

खाली झुकलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरचा, हा रॉड हलवणारा दांडा) लावावा, की हा रॉड नकलच्या वरून घ्यावा? वरून घेतला तर कोन सुधारतो, पण रॉड पाट्याच्या आणखी जवळ जातो. गाडं इथेच अडलंय. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
वाकवू नका, एवढं नक्की. पिटमन आर्म खाली आणला तर कोन कमी होईल, पण स्टिअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर वाकवणारा जोर जास्त येतो आणि तो आर्म दगडाला आधी भेटतो. मी रॉड नकलच्या वरून घेतला आणि पाट्याखालची बैठक उंच करून जागा काढली. रॉड पूर्ण पाट्यांच्या वरून नेणारे उंच आर्म हा सर्वात स्वच्छ उपाय, पण खिसा बघा. एक धोका: नकलचं भोक खालून टेपर (निमुळतं) असतं. लेथवाल्याने तेच वरूनही टेपर केलं तर भोकाचा डमरू होतो आणि जॉइंट मधल्या कडेवर डुलत राहतो. भोक सरळ करून उलट टेपरची स्लीव्ह (आतली नळी) बसवा. कॅसल नट आणि स्प्लिट पिन नव्या.

काहीही कापण्याआधी बंप स्टॉप (ॲक्सल फार वर येऊ न देणारे ठोकळे) काढा, पाट्यांचं मुख्य पान सोडून बाकीची पानं उतरवा आणि जॅकने ॲक्सल वर-खाली करत दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक मारून बघा. ब्रेकचा होजही तेव्हाच तपासा, चाक लटकलं की ताणला जातो.

प्रतिसाद २:
रसभंग करतो, माफी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असं म्हटलंय. पुन्हा पासिंगला जाल तेव्हा जुने यू-बोल्ट, जुना रॉड शोधावे लागतील. भंगारात देऊ नका.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. जुना माल माळ्यावर आहे, बायकोने फेकला नसेल तर.

रविवारी जॅकवाला प्रयोग केला. गणपतीची शाडू उरली होती, तिचे गोळे पाट्याच्या खाली चिकटवले आणि ॲक्सल दाबला. डावीकडे पूर्ण लॉकवर माती पार चिरडून रॉड पाट्याला टेकला. बंप स्टॉप ३० मिमी लांब केल्यावर ९ मिमी जाडीची माती शिल्लक राहिली. म्हणजे घासणं तूर्त थांबेल, बाजूला उडी मारणं नाही. त्यासाठी रॉड वरून घेणं आणि बैठक उंच करणं आलंच. तोवर गाडी ओढ्यात घालणार नाही.

उलट टेपरची स्लीव्ह नीट बसवून देणारा लेथवाला भोसरी-चाकण पट्ट्यात कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधीचा फॅब्रिकेटर सोडून.