पांझरेकाठचे पाट आणि सायकल

पिंपळनेर ते धुळे या सायकलमार्गावर ऊन फार लागते आणि थांबून पाहण्याजोगे काही नाही, असे काहींचे म्हणणे आहे. पाहण्याजोगे काही नाही, हे मत मला मान्य नाही. उन्हाची तक्रार मात्र रास्त आहे. मुख्य रस्ता सोडून पांझरा नदीवरील जुन्या दगडी बंधाऱ्यांकडे वळल्यास काही शतकांची फड पद्धती, म्हणजे गावाने मिळून चालवलेली सिंचनाची पद्धत, पाहता येते. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचे पाणी केवळ उताराने वाहते, एका फडात (पाटाखालच्या शेतांच्या एका गटात) सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते आणि पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, तर गावाने नेमलेला पाटकरी देतो.

पाटाच्या बांधावर सायकल चालवू नये. ओल्या मातीत माझे चाक रुतून कड ढासळली, तेव्हा पाटकरीबाबांनी मला खाली उतरवून ती माझ्याकडूनच लिंपून घेतली.