प्रतिसाद: 'गुन्हा मोठ्यांचा, तर शिक्षाही मोठ्यांचीच'

अल्पवयीन मुलाने मोठ्यांसारखा गंभीर गुन्हा केला तर त्याला शिक्षाही मोठ्यांचीच व्हावी, असं या चर्चेत दोनतीनदा म्हटलं गेलं आहे. त्यामागचा संताप मला समजतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला आरोपीच्या वयाचं काय! पण शिक्षा संपल्यावर तो मुलगा बाहेर येणारच आहे. तो कसा होऊन येणार, हा प्रश्न मला जास्त छळतो.

मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घ्यायचे कार्यक्रम अमेरिकेत बरेच झाले. अभ्यासांत आढळलं की अशा मुलांकडून नंतर गुन्हे कमी नव्हे, उलट जास्तच घडले. भीती टिकत नाही, ओळखी मात्र टिकतात.

याउलट न्यूझीलंडने १९८९च्या कायद्याने कौटुंबिक बैठकीची पद्धत आणली. मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि इच्छा असेल तर पीडित व्यक्तीही एकत्र बसून भरपाई काय, पुढे काय, हे ठरवतात. ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर बसून ऐकणं ही सौम्य शिक्षा आहे असं कुणी म्हणू नये. कोर्टात वकील बोलतो आणि मुलगा गप्प उभा राहतो. इथे त्याला स्वतः तोंड उघडावं लागतं.

जर्मनीत तर १८ ते २० वर्षांच्या तरुणांनाही, परिपक्वता पाहून, बालगुन्हेगारी कायदा लावता येतो. अठराव्या वाढदिवसाला माणूस एका रात्रीत बदलत नाही, हे तिथे कायद्यानेच मान्य केलंय.

अतिशय क्रूर गुन्ह्यांत बंदिवास लागेल, हे मलाही मान्य आहे. पण तिथे शिक्षक आणि समुपदेशक हवेत, आणि सुटकेनंतर हाताला कामही.