मदत हवी आहे : लिलिपाँडमधली चाळीस आरत्यांची फाईल तुकड्यांत कशी विभागू?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. चवथीला आमच्या वाड्यावर घरोघरी घुमट आरती होते (घुमट म्हणजे एका तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं वाद्य). जुन्या चाली म्हणणारी माणसं आता मोजकीच उरलीत, म्हणून दोन वर्षं एकेक आरती स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवतोय, लिलिपाँड या प्रोग्राममध्ये; त्यात सूर मजकुरासारखे टाइप केले की तो स्वरलिपीचं पान तयार करतो. वाड्यावरची व्हायोलिन शिकणारी मुलं तेच वाचतात. वर चाल आणि शब्द, खाली घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळं (झांजा).

लिलिपाँडच्या ड्रममोडमध्ये, म्हणजे तालवाद्यं लिहायच्या पद्धतीत, घुमट नाही. त्याचं मागचं तोंड डाव्या हातानं झाकलं की नाद वेगळा, उघडलं की वेगळा. त्यासाठी दोन वेगळी चिन्हं मी स्वतः ठरवून घेतली. त्या व्याख्या एकाच जागी राहायला हव्यात, यात तडजोड नको आहे.

फाईल सहा हजार ओळींवर गेलीय. एक सूर दुरुस्त केला तरी सगळं पुस्तक पुन्हा कंपाइल होतं. म्हणून दर आरतीची वेगळी फाईल केली, मुख्य फाईलमध्ये वरती सगळ्या इन्क्लूड केल्या आणि खाली स्कोअर, म्हणजे प्रत्यक्ष छापायचे भाग, लिहिले. छापून बघतो तर चाळीसही आरत्यांना शेवटच्या आरतीची चाल!

कारण कळलं. इन्क्लूड म्हणजे त्या जागी मजकूर चिकटवणं, बाकी काही नाही. प्रत्येक फाईलमध्ये व्हेरिएबलचं (सुरांचा तुकडा ज्या नावाखाली साठवतो त्याचं) नाव ‘चाल’च होतं, त्यामुळे शेवटचं आधीच्या सगळ्यांवर बसलं. वेगळी नावं द्यायला गेलो तर अवतरणचिन्हांशिवाय नावात अंक चालत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे दर आरतीच्या फाईलमध्येच व्हेरिएबलखाली लगेच स्कोअर लिहायचा आणि तो बुकपार्टमध्ये, म्हणजे पुस्तकाच्या एका भागात, घालायचा. मग तीच नावं पुन्हा वापरली तरी चालतात, पानांचे आकडेही सलग येतात. पण मला फक्त घुमट-शामेळची वेगळी वहीसुद्धा काढायची आहे, वाजवणाऱ्यांसाठी. स्कोअर आत अडकला की ती कशी काढू? टॅग (कुठला भाग छापायचा, कुठला गाळायचा याची खूण) लावून की स्कोअर बाहेर ठेवून?

आणखी एक. मित्रानं लिहिलेल्या फाईलमध्ये सुरांची नावं इंग्लिश पद्धतीची आहेत. तिच्यानंतर येणाऱ्या माझ्या फाईलींना तीच भाषा लागू होते आणि ‘फिस’वर (लिलिपाँडच्या मूळ डच पद्धतीतलं एफ शार्पचं नाव) एरर येते. दर फाईलच्या सुरुवातीला भाषा पुन्हा लिहिणं हाच उपाय का?

मोठं काम असं विभागून पूर्ण केलेल्या कुणी फोल्डरची रचना सांगितली तर फार उपकार होतील. चवथीआधी वही मुलांच्या हातात द्यायची आहे.

देव बरे करो.